सहा बाय सहा, वरीलप्रमाणे

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. टाळणं मला चांगलं जमतं, छत्तीस वर्षं शिक्षक होतो. निवृत्तीच्या निरोपसमारंभात टाळली, कारण तिथं खरं बोलायची पद्धत नाही. बायकोला सांगायची टाळली, कारण तिला माझ्याविषयी आधीच पुरेसं माहीत आहे. मध्यंतरी जुन्या विद्यार्थ्यांनी मेळावा घेतला, मला फेटा बांधला, नारळ दिला आणि एकानं माइकवर जाहीर केलं, "सरांनी आम्हाला दृष्टी दिली." त्या वाक्याला मी खुर्चीत असा काही हललो, की शेजारच्या पाहुण्यांना वाटलं मला लघवीला जायचंय. त्यांनी आदरानं वाट करून दिली. मीही गेलो. तेव्हाही टाळलीच म्हणायची.

आता सत्तरी उलटली. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसरा रांगेत आहे. दिसतंय तोवर लिहून टाकतो.

मी लोहारा भागातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. माझे विषय इतिहास आणि भूगोल. इंग्रजीचे शिक्षक बदली घेऊन गेले आणि जाताना इंग्रजी माझ्या पदरात टाकून गेले. शाळेच्या कपाटात एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता. तो वाळवीनं मागून पुढं खात आणला होता. एफपर्यंतची पानं तेवढी शाबूत होती, त्यापुढं नुसती माती. म्हणून एफनंतरचं इंग्रजी मला कधी आलं नाही, आणि त्याचा दोष मी वाळवीला देतो.

त्या शाबूत पानांत 'आय' हा शब्द होता. डोळा. तीन अक्षरांचा शब्द आणि त्याला दोन रकाने भरून अर्थ! सुईच्या नेढ्याला आय. बटाट्याला जिथून कोंब फुटतो ती खळगी, आय. मोरपिसावरचा निळा ठिपका, आय. नारळाची भोकं, वादळाच्या मधली शांत जागा, ब्लाउजचा हुक ज्यात अडकतो ती कडी, सगळी आय. कुणावर नजर ठेवायची तर आय, कुणी लाडकं असेल तर तो डोळ्यातलं सफरचंद. तपासणीला येणाऱ्या साहेबांना एवढे अर्थ ऐकवले की ते गार व्हायचे. मी त्यातले बारा अर्थ वेचले आणि त्यांचा पाठ बसवला. फळ्यावर मोठ्ठं ई, वाय, ई काढायचं. दोन ई म्हणजे दोन डोळे, मधला वाय म्हणजे नाक. खाली मी तोंड काढायचो, आणि साहेब कडक असतील तर मिशाही.

आमच्याकडं आईला 'आय' म्हणतात, त्यामुळं पहिली दहा मिनिटं वर्ग नुसता खिदळायचा. मी खिदळू द्यायचो. पाठ जिवंत वाटतो.

एकदा मागच्या बाकावरनं एकानं विचारलं, "सर, उसाच्या डोळ्याला काय म्हणायचं?" ऊस लावताना आपण दोन डोळ्यांचं टिपरं, म्हणजे कांडं, पुरतो, तो डोळा. शब्दकोशात मला काही ते सापडलं नव्हतं. मी छातीठोकपणे सांगितलं, "आयच," आणि तो तेरावा अर्थ पाठात घातला. पुढं कळलं की इंग्रजीतही तसंच म्हणतात. पुस्तकात न बघता मी दिलेलं हे माझ्या आयुष्यातलं एकमेव बरोबर उत्तर.

शाळेची तपासणी आली की मी हाच पाठ घ्यायचो. दरवर्षी. साहेब बदलायचे, पाठ तोच. पोरं आदल्या वर्षीची असली तरी त्यांना नवल वाटल्याचं सोंग शिकवलेलं होतं.

अशाच एका वर्षी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई शाळेत आल्या. त्यांनी एक गुंडाळी केलेला तक्ता, सहा मीटरची सुतळी आणि एक छापील फॉर्म माझ्यासमोर ठेवला.

"तक्ता भिंतीला लावा. सुतळीच्या दुसऱ्या टोकाला पोराला उभं करा. एक डोळा तळहातानं झाकायचा आणि ओळी विचारायच्या. मग दुसरा डोळा. ज्याला दिसत नाही त्याचं नाव मला द्या, चष्मा फुकट मिळतो."

"बाई, आम्ही शिक्षक आहोत," मी जरा फुगून म्हणालो.

"म्हणूनच सोपं करून सांगितलं," बाई म्हणाल्या.

तक्त्यावर इंग्रजी ई होते. कुणी डावीकडं तोंड केलेला, कुणी उजवीकडं, कुणी उताणा, कुणी पालथा. वरचा मोठा, खाली खाली बारीक होत गेलेले. मला तो तक्ता फार आवडला. डोळ्याच्या पाठाला इतकं देखणं शैक्षणिक साहित्य कुठं मिळणार? मी तो तपासणीच्या दिवसासाठी जपून ठेवला. सुतळी पंधरा ऑगस्टच्या पताकांना कामी आली.

फॉर्म मी मधल्या सुट्टीत भरला. एका हातात चहा. हजेरीतलं पहिलं नाव लिहिलं, त्यापुढं 'दृष्टी' या रकान्यात सहा बाय सहा, म्हणजे निर्दोष. त्याखालच्या नावापुढं वरीलप्रमाणेची दोन बारीक चिन्हं. त्याखाली पुन्हा तीच. पान संपेपर्यंत तीच. माझ्या हाताला ती चिन्हं इतकी सवयीची होती की चहा निवायच्या आत सगळ्या वर्गाचे डोळे तपासून झाले. मग तोच आकडा प्रगतिपुस्तकांतही उतरवला. कामात मी नेटका होतो.

नर्सबाईंनी फॉर्म बघितला. "सगळ्यांचेच चांगले?"

"गावाकडची हवा," मी म्हणालो.

त्या वर्गात एक मुलगी होती. धनगराची. वस्तीवरनं चालत यायची, म्हणून उशिरा यायची आणि उरलेल्या जागेत, म्हणजे शेवटच्या बाकावर बसायची. फळ्यावरचं ती कधीच उतरवायची नाही. शेजारणीच्या वहीवर ओणवी व्हायची, इतकी की शेजारणीला शाईऐवजी हिचे केसच दिसायचे. मी त्याला कॉपी म्हणायचो. एकदा तिला उभं करून फळ्यावरची ओळ वाचायला सांगितली. ती नुसतीच उभी. मी म्हणालो, "डोळे आहेत का बटाटे? बटाट्यालाही डोळे असतात पोरांनो, पण त्याला फळा दिसत नाही."

वर्ग लोळला. तीही हसली. त्या दिवसापासून तिचं नाव बटाटा पडलं. मला माझी कोटी इतकी आवडली की पुढं ती मी पाठातच घातली. बटाट्याचा अर्थ आला की मी शेवटच्या बाकाकडं बोट करायचो.

तपासणीच्या दिवशी तक्ता लावला. साहेब खूश. "वा! साहित्याचा वापर आहे." पाठ रंगला. शेवटी साहेबांना काय सुचलं कुणास ठाऊक, त्यांनी छडी उचलली, फळ्यावरच्या चौथ्या अर्थावर टेकवली आणि थेट शेवटच्या बाकाला म्हणाले, "हे वाच, बाळ."

ती उठली. छडी कुठं टेकली आहे ते तिला दिसलं नाही, हे मला आज कळतं. तिनं पहिल्या अर्थापासून सुरुवात केली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. साहेब म्हणाले, "बास." ती घाबरली आणि आणखी जोरात म्हणत सुटली. पाचवा, सहावा, उसाचा डोळा, मोराचा डोळा, वादळाचा डोळा. तेरा झाल्यावरच थांबली. एकही चुकला नाही. वर्ग हसून हसून बाकाखाली गेला.

साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, 'विद्यार्थी घोकंपट्टी करतात, वाचता येत नाही.' माझ्या लाडक्या पाठावर हा एवढा एकच डाग. तो तिच्यामुळं पडला असं मी ठरवून टाकलं.

त्याच महिन्यात तिचे वडील आले. खोलीच्या दारातच बसले, आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"गुरुजी, एक इचारायचं व्हतं. पोरगीला ठिवू का काढू शाळंतनं? मेंढरामागं माणूस कमी पडायलंय. पर शिकत आसंल तर ऱ्हाऊ द्या म्हणतो मी."

ही वेळ विचार करायची होती. मी विचार केला नाही, शेरा आठवला.

"काढा," मी म्हणालो. "तिच्या डोक्यात काही शिरत नाही."

"तुमी म्हणताव मंजी झालं," ते म्हणाले आणि हात जोडून उठले. ती बाहेर भिंतीला टेकून उभी होती. मला म्हणाली, "येते, सर." दप्तर नव्हतंच, एक पिशवी होती, ती काखेत मारून गेली.

मी पुढच्या तासाला गेलो. त्यानंतर वीसेक वर्षं तो खोटा फॉर्म मला अधूनमधून टोचायचा, पण तिची एकदाही आठवण आली नाही. इथं पश्चात्तापाचं काही लिहायला हवं, पण आठवण आली नाही हेच खरं आहे.

मग गेल्या वर्षी ऑपरेशननंतरच्या तपासणीला उमरग्याला निघालो होतो. लोहाऱ्याच्या स्टँडवर काळा चष्मा लावून बसलो होतो. सिनेमातल्या म्हाताऱ्या गुंडासारखा दिसतोस असं बायको घरून निघताना म्हणाली होती. एक बाई लहान मुलीचा हात धरून जवळ आली.

"काका, ही गाडी उमरग्याची हाय का?"

"पाटी लावलीय की समोर," मी म्हणालो. मला स्वतःला पाटी तर सोडाच, गाडीही अंदाजानंच दिसत होती. पण सवय.

"पाटी हाय ते दिसायलंय. तिच्यावर काय हाय ते इचारायले मी."

"डोळे आहेत का..." माझ्या तोंडून निघालं, आणि परक्या बाईशी बोलतोय हे ध्यानात येऊन मी जीभ चावली.

"बटाटे!" बाईनं वाक्य पुरं केलं. मग टाळी वाजवल्यासारखी हसली. "सर! तुमीच की! आवाजावरनं वाटलंच मला!"

भर स्टँडवर ती माझ्या पाया पडली. लेकीलाही पाडलं. "हे माझे सर. ह्यांनी मला तेरा डोळे शिकिवले." आणि बोटं मोजत तिनं तिथंच सुरू केलं. सुईचं नेढं, बटाट्याचा, उसाचा, मोरपिसाचा. एक कंडक्टर पंच वाजवायचा थांबून ऐकायला लागला. तेरा पुरे केले. माझ्या लक्षात आता आठच उरलेत.

"वादळाचा डोळा मला लई आवडायचा, सर. मेंढरं घेऊन माळावर असले आन वावटळ आली की मी पळत मधी जाऊन उभारायची."

"मग? शांत असतं का मध्ये?" मी उत्सुकतेनं विचारलं. शिकवलं आयुष्यभर, पण गेलो कधी नव्हतो.

"कसलं शांत! तोंडात माती जाती."

मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल. ती आमच्याकडं लक्ष न देता हातातला बिस्किटाचा पुडा नाकाला लावून बसली होती. मला वाटलं वास घेतेय. मग ऐकलं, ती त्यावरचं बारीक छापलेलं वाचत होती. अडखळत, पण वाचत होती.

"शाळेत कशी आहे?" मी विचारलं.

"कशाची! फळ्यावरचं काही उतरवत न्हाय. ढ हाय म्हणतेत. माझ्यावर गेली. आता काढते शाळंतनं, मावशीकडं ठिवायला नेते उमरग्याला, शिलाई तर शिकंल. सुईत दोरा लई झ्याक ओवती, सर. नाकापाशी धरून."

मी मुलीच्या नाकाशी लागलेल्या पुड्याकडं बघितलं. मग विचारलं, "तुला दिसायचा का गं फळा?"

"न्हाय की. कदीच दिसला न्हाय. मला वाटायचं, सगळ्यांलाच तसं आसतंय. तुमी बोलायचाव ते ऐकून ध्यानात ठिवायची."

इथं मला रडू फुटलं असं लिहिलं तर चांगलं दिसेल. पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की तो फॉर्म अजून कुठल्या कपाटात असेल का? दुसरा विचार, शाळेला वाळवी आहे. मला बरं वाटलं. तिसऱ्या विचाराला कुठं ती पोरगी दिसली. तोवर आम्ही गाडीत बसलो होतो, ती माझ्या शेजारी, पुडा नाकाला लावून. शिलाई शिकायला निघालेली. ती उमरग्याला उतरून मावशीकडं गेली की माझ्या एका चहाच्या कपात दुसरी पिढी बुडणार होती.

उतरल्यावर मी म्हणालो, "मावशीकडं नंतर जा. आधी अर्धा तास माझ्याबरोबर दवाखान्यात चल. हिचे डोळे दाखवू."

"डोळे कशाला? आलेत का हिचे?"

"आले नाहीत. आहेत का ते बघू."

दवाखान्यात चष्म्याचा नंबर काढणारा एक तरुण होता, तोंडाळ पण हाताचा चांगला. भिंतीवर तोच तक्ता, तेच उताणे-पालथे ई. मी जुन्या ओळखीचा माणूस भेटावा तसा दचकलो.

"काय दिसतंय, बाळा?" त्यानं मुलीला विचारलं.

"भित."

मग त्यानं लोखंडी चौकट तिच्या नाकावर ठेवली, भिंगं घातली, काढली, दुसरी घातली. खिडकीतनं हायवे दिसत होता. तिनं तिकडं मान वळवली आणि वाचायला लागली. "टायर. पंक्चर. चहा. गरम नाष्टा. हॉर्न ओके प्लीज." ट्रक गेला की पुढच्या ट्रकचं. तिला थांबवता येईना. तो तरुण म्हणाला, "अगं, माझी चौकट दे, हायवे पळून जात नाही."

मग त्यानं आईलाही बसवलं. तिच्या भिंगांवर भिंगं चढवत गेला आणि शेवटी म्हणाला, "मावशी, हा नंबर काय आजचा आहे? लहानपणीचा आहे. शाळेत डोळे तपासले नव्हते का कुणी?"

"तपासले की," ती म्हणाली.

"मग?"

"चांगले हायेत म्हणून लिहिलतं माझ्या पुस्तकात. सहा बाय सहा. ते पुस्तक हाय अजून घरी."

"कोण तो आंधळा मास्तर?" तो मोठ्यानं हसला.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होतो. चष्मा काळा होता हे उपकार.

जड चौकटीतनं तिनं माझ्याकडं बघितलं. माझा चेहरा तिला नीट दिसायची ती पहिलीच वेळ असावी. मग ती तरुणाला म्हणाली, "तवा चांगले आसतील. मागनं बिघडले."

सकाळीच तिनं मला सांगितलं होतं की फळा कधीच दिसला नाही. म्हणजे तिला सगळं कळलं होतं, आणि कळल्यावर तिनं मला झाकलं.

मी उठलो. तोंड उघडलं. तो तरुण म्हणाला, "आजोबा, तुमचाच नंबर. काळा चष्मा काढा."

मुलगी मावशीकडं राहिली नाही. दोघी परतीच्या गाडीनं लोहाऱ्याला गेल्या. आठवड्यानं चष्मे आले.

त्यानंतर मी दोनदा प्रयत्न केला. एकदा त्यांच्या वस्तीवर गेलो, मनात वाक्य तयार करून. तर तिचे वडील, आता पार वाकलेले, मला बघून उठायची धडपड करायला लागले. "गुरुजी, तुमच्यामुळं नात शिकायली." मुलगी पहिल्या बाकावर बसते म्हणे. चष्मा दोरीनं मागं बांधलेला. तिनं मला शाळेचं पुस्तक हातभर लांब धरून वाचून दाखवलं, मुद्दाम लांब. चहा झाला. मी मेंढरांचं कौतुक केलं, भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेतली आणि परत आलो. माझी बायको म्हणाली, "शेंगा कशाबद्दल?" मी म्हणालो, "शिकवल्याबद्दल."

दुसऱ्यांदा फोन केला. फोनवर तोंड दिसत नाही, सोपं जाईल वाटलं. तिनं उचलला.

"बोला सर! डोळे कसे हायेत आता?"

"सहा बाय सहा," मी म्हणालो.

सवयीनं निघून गेलं. पलीकडं ती हळूच हसली, आणि म्हणाली, "बरं झालं मग." मी ऊन फार आहे असं काहीतरी बोललो आणि फोन ठेवला.

वस्तीवर नेलेलं आणि फोनपर्यंत आणलेलं ते वाक्य माझ्याकडं तसंच पडून आहे. लिहिताना थोडं लांबलं:

तुझे डोळे मी तपासले नव्हते. तक्ता होता, सुतळी होती, वेळही होता. पहिल्या नावापुढं आकडा लिहिला आणि तुझ्या नावापुढं दोन रेघा मारल्या. तू कॉपी करत नव्हतीस. तू ढ नव्हतीस. तेरा अर्थ न बघता सांगणारं त्या वर्गात तुझ्याशिवाय कुणी नव्हतं, मी धरून. तुझ्या वडिलांनी मला विचारलं तेव्हा मला तुझ्याविषयी काहीच ठाऊक नव्हतं, आणि तरी मी उत्तर दिलं. दवाखान्यात तुला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं, तेही माझ्यामुळंच. आणि बटाटा म्हणालो त्याबद्दल. माझं चुकलं, पोरी.